बिनक्लचची गाडी

शहरात गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी बाईंनी शिकवलं असेल. बाई स्वतः असं कधी म्हणत नसत, पण रस्त्याने जाताना समोरच्या गाडीतून कुणी ना कुणी त्यांना हात करायचंच, आणि बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. सव्वीस वर्षं ज्यांना ‘दोन्ही हात स्टिअरिंगवर’ म्हणून घसा कोरडा केला, तेच असे हात सोडून प्रेम दाखवतात म्हणजे काय!

बाईंची खरी करामत होती क्लचमध्ये. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. नवशिक्याने घाबरून पाय झटकन उचलला, गाडीला आचका बसायच्या बेतात आला, की बाईंचा डावा पाय अलगद खाली जायचा आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकायची. शिकणाऱ्याला वाटायचं, जमलं आपल्याला. बाई तसं वाटू द्यायच्या. चार दिवसांनी पाय काढून घ्यायच्या, तोवर त्याला खरंच जमायला लागलेलं असायचं.

त्या वर्षी शिकवणीच्या जुन्या पेट्रोल गाड्यांचे परवाने वाढवून मिळेनासे झाले. नवी घ्यायची तर पुन्हा पेट्रोलची घेऊन पाच-सात वर्षांत तेच रडगाणं, की एकदाच काय ते विजेची घ्यायची? बाई आणि त्यांचे यजमान यांच्यात आठवडाभर खल झाला. यजमान छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. बाईंचे फोन घेणं, वेळा लिहून ठेवणं हे काम तेच करायचे. शेवटी तेच म्हणाले, “अगं, उद्या सगळे हेच चालवणार असतील तर शिकवणार कोण? तूच ना?” बाईंना ते पटलं, आणि दारात एक पांढरीशुभ्र, गुळगुळीत, मुक्यासारखी गाडी येऊन उभी राहिली.

पहिल्याच आठवड्यात बाईंच्या लक्षात आलं, की आपण स्वतःलाच बेकार केलंय.

डाव्या पायाला काही कामच उरलं नव्हतं. चौकात गाडी थांबत आली की तो सवयीने खाली जायचा आणि रिकाम्या चटईवर आपटायचा. एकदा तर इतक्या जोरात, की शिकाऊ बाईने दचकून विचारलं, “माझं काही चुकलं का?” वर या गाडीची आणखी एक तऱ्हा. वेग वाढवायच्या पेडलवरून पाय नुसता उचलला तरी ती आपोआप मंद व्हायची, ब्रेक दाबल्यासारखी. वर्षानुवर्षं पेट्रोल चालवलेल्या माणसाला ते कुणीतरी मागून पदर ओढल्यासारखं वाटायचं. पूर्वी पहिले दहा दिवस नुसता क्लच शिकवण्यात जायचे. आता नवशिके पहिल्याच दिवशी सरळ चालवत जायचे आणि त्यांना वाटायचं, आलं की सगळं! त्यांना थोपवायचं कसं, हेच बाईंना कळेना.

त्यात परवान्याची मेख. बिनक्लचच्या गाडीवर परीक्षा दिली तर परवानाही बिनक्लचच्याच गाडीचा मिळायचा. तरुण मुलं हे ऐकलं की ‘विचार करून सांगतो’ म्हणायची आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेत नाव घालायची. त्या शाळेने तर फलकच लावला: ‘येथे खरी गाडी शीकवली जाते.’ यजमानांनी तो येताजाता वाचला आणि ‘शिकवली’तला ‘शि’ दीर्घ काढलाय एवढंच म्हणाले. पण वहीत रिकाम्या वेळा वाढत चालल्या होत्या, ते दोघांनाही दिसत होतं.

आणि सगळ्यांत मोठं संकट म्हणजे चार्जिंग. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, गाडी खाली अंगणात. पहिल्या दिवशी यजमानांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबलचक वायर खाली सोडली, दोन ठिकाणी सुतळीने बांधली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात इमारतीचे सेक्रेटरी, हातात फाइल.

सेक्रेटरी म्हणजे सहासष्ट वर्षांचा कडक इस्त्रीचा माणूस. जिन्यात कुणाची चप्पल वेडीवाकडी दिसली तरी चिठ्ठी चिकटवणारा. आवाज चढवायचा नाही, पण हटायचंही नाही. ते म्हणाले, वायर आत्ताच्या आत्ता वर घ्या. बाईंनी समजावून पाहिलं, रात्रीपुरतीच सोडू म्हणाल्या, वर्गणी वाढवून घ्या म्हणाल्या. सेक्रेटरीसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

“बाई, ही वायर लटकत असेपर्यंत मला झोप येणार नाही. माझं ऐका, वर घ्या.”

बाईंनी वायर वर घेतली, आणि त्या दिवसापासून साहेबांशी जिन्यात बोलणं बंद केलं.

मग सुरू झाली वाचनालयामागची वारंवारची फेरी. तिथे चार्जिंगचे तीन खांब होते. एक कायमचा बंद. दुसऱ्यावर एक करडी गाडी असायची, तिचा मालक आत वाचत बसला की जगाचं भान विसरायचा. राहता राहिला एक, त्याच्यासाठी रांग. कधी बाई तासभर थांबायच्या, कधी यजमान घरून चहाचा थर्मास घेऊन येऊन गाडीत बसून राहायचे, म्हणजे बाईंना घरी जाऊन दोन घास खाता यावेत. एकदा रांगेपायी परीक्षेची वेळ हुकली. ज्या मुलीची परीक्षा होती ती नुसती रडली, आणि तेच बाईंना जास्त लागलं. त्या संध्याकाळी त्या यजमानांना म्हणाल्या, “विकून टाकू या हिला. मी आपली घरी बसते.” यजमान नुसते वहीची पानं चाळत बसले.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो यजमानांनीच घेतला. बराच वेळ ते ‘हो, हो’ करत राहिले, मग फोनवर हात ठेवून त्यांनी डोळे मोठे केले.

“सेक्रेटरी आहेत. गाडी शिकायची म्हणतायत.”

बाईंना आधी थट्टाच वाटली. पण साहेब गंभीर होते. अट एकच, कुणाला कळता कामा नये. इमारतीत नाही, आणि खुद्द त्यांच्या घरीही नाही. सकाळी सातला बंद पडलेल्या गिरणीच्या मागे ते चालत येतील, तिथून बाईंनी त्यांना घ्यावं. बाईंच्या जिभेवर एक चांगलं खोचक वाक्य आलं होतं. पण शिकायला आलेल्या माणसाला बाईंनी कधीच परत पाठवलं नव्हतं. त्यांनी ते वाक्य गिळलं आणि वेळ लिहून घ्यायला सांगितली.

साहेब आले ते हातात रिकामी पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखे. गाडीत बसले, पट्टा लावला, आरसे नीट केले. हे सगळं त्यांना पाठ होतं. आणि मग पेडलवर पाय ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम फुटला. गाडी हलली की ते लगेच थांबवत. दहा हात पुढे, थांब. दहा हात पुढे, थांब. पहिले तीन दिवस बाईंनी गिरणीच्या भिंतीवरची वीट न् वीट पाहून घेतली.

शिकायचं कारण हळूहळू कळलं. साहेबांच्या घरी गाडी चालवायच्या त्या वहिनी. तीस वर्षं त्यांनीच नवऱ्याला कचेरीत सोडलं, मुलाला शाळेत सोडलं, म्हाताऱ्या सासऱ्यांना दवाखान्यात नेलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काही झालं. समोरच्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा दिसू लागला, आणि डॉक्टरांनी किल्ली काढून घ्यायला सांगितली. तेव्हापासून गाडी अंगणात कापड पांघरून उभी होती आणि वहिनी घरात.

“ती म्हणत काही नाही,” साहेब म्हणाले, “पण सकाळी तयार होऊन खिडकीशी बसते. जायचं कुठेच नसतं.”

 त्या दिवसापासून बाईंनी साहेबांच्या शिकवणीला दहा मिनिटं जास्त द्यायला सुरुवात केली आणि यजमानांना ते वहीत धरू नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी ठरवलं, आता मोकळा रस्ता. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एक रुंद, बिनगर्दीची सडक होती. त्या दिवशी थंडी कडाक्याची, गाडीतला हीटर चालू. वाचनालयामागे आदल्या संध्याकाळी रांग होती म्हणून गाडी पुरती भरलेली नव्हती, पण जाऊन येण्यापुरती होती. पायथ्याशी पोचले तर पूल दुरुस्तीला काढलेला. पाटीवर बाण होता, आणि तो डोंगरावर जात होता. मागे ट्रकची रांग लागली होती, वळायला जागा नव्हती. साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी ‘चला’ म्हटलं.

चढावर गाडी कुरकुरली नाही, पण समोरच्या पडद्यावरचा बॅटरीच्या टक्क्यांचा आकडा झरझर उतरायला लागला. तीस. बावीस. सतरा. बाईंनी हीटर बंद केला. पेट्रोलचा काटा खाली आला तरी कुठवर ताणायचं हे त्यांना हाडामासात माहीत होतं. या गाडीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. घाटमाथ्यावर पोचले तेव्हा आकडा होता अकरा, आणि घाट उतरून पलीकडून शहर गाठायला तेवढं पुरेल की नाही कुणास ठाऊक. वर एक बंद चहाची टपरी आणि वारा, दुसरं काही नाही. बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सव्वीस वर्षांत शिकणाऱ्याला घेऊन त्या कधी रस्त्यात अडकल्या नव्हत्या, आणि अडकणार ते नेमकं या माणसासमोर.

“मी यांना फोन करते,” त्या म्हणाल्या. “कुणाची तरी गाडी घेऊन येतील.”

साहेब पडद्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा शांत होता, बाईंनी तो असा शांत गिरणीमागे कधी पाहिला नव्हता.

“कशाला?” ते म्हणाले. “आता उतारच आहे ना?”

“मग?”

“उतारावर पाय उचलून धरला की ही बॅटरी भरत जाते. चाकं उलट वीज तयार करतात. पुस्तकात आहे, पान एकशे बारा.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक बाईंनी कपाटात ठेवलं होतं ते ठेवलंच होतं. साहेबांनी तसंच दुसरं कुठून तरी मिळवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, पेन्सिलने खुणा करून. बाईंना लाज वाटली. ती लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

“मला ते मागून ओढल्यासारखं वाटायचं,” त्या म्हणाल्या, “त्याचा उपयोग हा आहे होय!”

मग साहेब निघाले. नऊ किलोमीटरचा घाट, एकावर एक वळणं. त्यांचा एकच पाय काम करत होता. किंचित दाबला की गाडी सैल, किंचित उचलला की घट्ट. तिसऱ्या वळणावर त्यांचे खांदे खाली आले. पाचव्या वळणावर बाईंच्या लक्षात आलं, की आपला पाय ब्रेकवर नाही, आपण तो कधी काढला तेही आठवत नाही. आकडा अकरावर अडला, मग बारा झाला. तेरा झाला तेव्हा साहेबांनी घसा खाकरला.

“मला तिनेच शिकवलं होतं एकदा. लग्नानंतर दोन वर्षांनी. पोरगा सहा महिन्यांचा, तिच्या मांडीवर. चढावर थांबलो, क्लच सुटला, गाडी बंद पडली आणि मागे घसरायला लागली. मागे खड्डा होता. तिने हात घालून हँडब्रेक ओढला म्हणून...” ते थांबले, एक वळण नीट घेतलं. “तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मी पुन्हा बसलोच नाही.”

“क्लच सगळ्यांचाच सुटतो,” बाई म्हणाल्या. “माझाही सुटलाय. परीक्षा घेणाऱ्या साहेबासमोर.”

साहेब हसले. इमारतीत कुणी त्यांना हसताना पाहिलं नसावं. मग त्यांनी वायरीचा विषय स्वतःहून काढला. ते विमा कंपनीत होते, आग लागून गेल्यावर पाहणी करायला जायचे. एका घरात अशीच लांब वायर, सतरंजीखालून नेलेली. त्या घरात त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

“मी गाडीला नाही म्हटलं नव्हतं, बाई. वायरला म्हटलं होतं. तुम्ही बोलणंच बंद केलंत.”

“मग काय करायला हवं होतं?”

“अर्ज. वेगळी लाइन मागणारा. मीटरच्या खोलीतून, स्वतंत्र मीटर, स्वतंत्र ब्रेकर. मी वाट बघत होतो तुमच्या अर्जाची.”

बाईंना हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा ते कळेना. खाली सपाटीला लागले तेव्हा आकडा पंधरा होता. तिथून घर गाठायला तो पुरला, आणि थोडा उरलाही.

अर्ज यजमानांनी लिहिला, एकही चूक नसलेला. पण काम काही चुटकीसरशी झालं नाही. कमिटीच्या बैठकीत ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी विचारलं, आमचा काय संबंध? चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, तुमची गाडी भरायची आणि माझी लिफ्ट बंद पडायची असं व्हायचं नाही ना? तो प्रश्न खरा होता. इमारतीची मुख्य केबल जुनी होती, तिला लिफ्ट, पाण्याचा पंप आणि वर गाडी एवढं ओझं पेललं नसतं. साहेबांनी वायरमनला बोलावून मापं घेतली, लिफ्ट आणि पंप थंडावतात त्या वेळांचा तक्ता करून भिंतीवर लावला आणि केबल बदलायचं काम, जे नाहीतरी आठ वर्षं रखडलं होतं, ते मार्गी लावलं. त्याला चार महिने लागले. चार महिने बाई वाचनालयामागे रांग लावत राहिल्या. करड्या गाडीच्या मालकाशी एव्हाना त्यांची ओळख झाली होती आणि तो वेळेवर उठू लागला होता, एवढंच काय ते सुख.

दरम्यान शिकवणीचंही रूप बदललं. तरुण मुलं फारशी परत आली नाहीत. ती ‘खऱ्या गाडी’कडेच जात राहिली, आणि त्याचं बाईंना वाईट वाटायचं ते वाटायचंच. पण दुसरीच माणसं यायला लागली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेली शिंपीण आली. तीन वेळा क्लचपायी नापास झालेला, आशा सोडलेला दंतवैद्य आला. चढावर मागे घसरायच्या भीतीने जन्मभर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या दोघी बहिणी आल्या. या सगळ्यांना बाई आता पहिल्या दिवशी चालवायला देत नसत. आधी बघायला शिकवत. चौकात बाजूला गाडी लावून विचारायच्या, तो सायकलवाला आता काय करणार? ती बाई रस्ता ओलांडेल की थांबेल? क्लचने इतकी वर्षं जो वेळ खाल्ला होता तो हातात आल्यावर त्याचं करायचं काय, हे बाईंना हळूहळू सुचत गेलं. पाय कमी झाला तर डोळे वाढवा, असं त्या सांगायच्या, आणि शिकणारे ते वहीत लिहून घ्यायचे.

साहेब पहिल्या परीक्षेत नापास झाले. गाडी लावताना मागचं चाक पट्टीवर चढलं. बाईंना वाटलं आता हे पिशवी उचलून चालायला लागणार. पण साहेब म्हणाले, “चूक बरोबर धरली त्याने. माझं चाक चढलंच होतं.” दुसऱ्या वेळी पास झाले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी घरी सांगून टाकलं.

वहिनींना अर्थातच सगळं माहीत होतं. चार महिने रोज सकाळी पिशवी घेऊन जाणारा आणि रिकामी पिशवी घेऊन परत येणारा नवरा त्यांना चेहरा दिसत नसला तरी पुरेपूर दिसत होता. त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती, इतकंच. कापडाखालची जुनी गाडी त्यांनी स्वतःच विकायला काढली. विकण्याआधी एकदा खाली जाऊन तिच्यात बसून आल्या, एकट्याच.

अंगणात दोन चार्जर बसले त्याच आठवड्यात साहेबांची छोटी निळी गाडी आली. रविवारी सकाळी पहिल्यांदा वहिनींना घेऊन तळ्यापर्यंत जायचं ठरलं, आणि साहेबांनी बाईंनाही सोबत यायला सांगितलं. एकट्याने धीर होत नव्हता, हे न सांगता कळत होतं. बाई सवयीने पुढचं दार उघडायला गेल्या.

“ती जागा माझी आहे हं,” वहिनी हसून म्हणाल्या. “तीस वर्षं पलीकडे बसले, आता इथे बसू दे.”

म्हणून बाई मागे बसल्या. आयुष्यात गाडीच्या मागच्या सीटवर त्या शेवटच्या कधी बसल्या होत्या ते त्यांना आठवेना. पायाशी ब्रेक नव्हता, समोर आरसा नव्हता. पहिल्या दोन चौकांत त्यांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून ठेवली. पुढे वहिनी आठवणीतला रस्ता सांगत होत्या, आता डावीकडे औषधाचं दुकान येईल, तिथे लोक बेधडक उतरतात, हळू. साहेब हळू करत होते. दुकान उठून वर्ष झालं होतं, पण साहेबांनी ते सांगितलं नाही, आणि लोक खरंच बेधडक उतरत होते.

तळ्याकडचा लांब सरळ रस्ता लागला. ऊन खिडकीतून मांडीवर आलं होतं. बाई बाहेर पाहत राहिल्या. किती घरांना गॅलऱ्या होत्या, गॅलऱ्यांत किती झाडं होती! या रस्त्यावरून त्या हजारदा गेल्या असतील, पण नजर नेहमी समोर आणि पाय नेहमी तयार. मग घरं एकमेकांत मिसळायला लागली.

वहिनी काहीतरी विचारायला मागे वळल्या. त्यांना चेहरा दिसला नाही, पण संथ, जड श्वास ऐकू आला. त्या पुन्हा पुढे वळल्या आणि नवऱ्याच्या हातावर हात ठेवून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

“वळणं जरा बेताने घ्या. बाईंना झोप लागलीय.”